चेनसॉ: निवड, देखभाल, दुरुस्ती आणि सुरक्षित वापर

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बांधावरची बाभूळ उतरवणे, वळवाच्या वाऱ्यात आडवे झालेले झाड बाजूला करणे, जुनी द्राक्षबाग काढणे अशा कामांत कुऱ्हाडीची जागा आता पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉने घेतली आहे. गावात तिला ‘कटर’ किंवा ‘झाड कापायची मशीन’ म्हणतात. खरेदी करताना बहुतेकांचे लक्ष किती सीसी आणि किती इंची बार याकडेच असते. काम किती उरकते आणि माणूस किती सुरक्षित राहतो, हे मात्र चेनची धार, योग्य तेल आणि अंगावरचे संरक्षक साहित्य यांवर ठरते. म्हणून मशीनवर सगळे पैसे खर्च न करता यासाठीही रक्कम बाजूला ठेवावी.

मशीन घ्यावी की भाड्याने आणावी?

वर्षातून चार-पाच दिवसांचेच काम असेल तर अनुभवी माणसासह मशीन भाड्याने आणणे परवडते. पडून राहिलेली मशीन वापरातल्या मशीनपेक्षा लवकर बिघडते, कारण टाकीत राहिलेले पेट्रोल कार्बोरेटर खराब करते. सरपण, छाटणी, कुंपणाचे डांब अशी कामे वर्षभर निघत असतील तर स्वतःची मशीन घ्यावी.

कामानुसार निवड

- द्राक्षाचे जाड ओलांडे, डाळिंबाच्या वाळक्या फांद्या: ४ ते ८ इंची बारची बॅटरीवरील छोटी चेनसॉ पुरते. बारीक काड्यांसाठी सिकेटरच वापरावे. आटपाडी, माण भागात डाळिंबावर तेल्या रोग असेल तर एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना हत्यार निर्जंतुक करावे.
- बाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ, मध्यम फांद्या आणि सरपण: ३५ ते ४५ सीसी इंजिन व १४ ते १६ इंची बार. बहुतेक शेतकऱ्यांना हीच मशीन पुरेशी होते.
- कडुनिंब, निलगिरी, सिल्व्हर ओक यांचे जाड बुंधे: ५० ते ६० सीसी व १८ ते २० इंची बार.
- पाटण, जावळी, शिराळा भागातील बांबू: बेटात जागा अरुंद असते आणि चेनने बांबूच्या चिंध्या निघतात. बारीक दातांची हातकरवत किंवा कोयता बरा.

बाजारात ५८ सीसी आणि २२ इंची बारच्या स्वस्त मशीन भरपूर मिळतात. लांब बारमुळे वजन पुढे जाते, हात लवकर भरून येतात आणि बारचे टोक नजरेआड कशाला तरी लागण्याची शक्यता वाढते. गरजेपुरताच बार घ्यावा. खरेदीआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: चेन ब्रेक आहे का, सुटे भाग सातारा, कराड, सांगली किंवा मिरज येथे मिळतात का, आणि दुरुस्ती कोण करते. सुटे भाग मिळत नसतील तर स्वस्त मशीन महाग पडते.

पेट्रोल आणि ऑईल

चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्याला स्वतंत्र इंजिन ऑईल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑईलच पिस्टनला वंगण देते. नुसत्या पेट्रोलवर मशीन चालवली तर काही मिनिटांत पिस्टन आणि सिलिंडर ओरखडून निकामी होऊ शकतात.

- ५०:१ प्रमाण असल्यास १ लिटर पेट्रोलला २० मिलि आणि ५ लिटरला १०० मिलि टू-स्ट्रोक ऑईल.
- २५:१ प्रमाण असल्यास १ लिटरला ४० मिलि.
- कोणते प्रमाण वापरायचे ते मशीनची पुस्तिका आणि ऑईलचा डबा पाहून ठरवावे. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून, हलवून मग टाकीत ओतावे.

पंपावरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे खराब करू शकते. आपल्या मशीनला किती टक्के इथेनॉल चालते हे पुस्तिकेत पाहावे. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढेच करावे. मशीन ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

चेनसाठी दुसऱ्या टाकीत वेगळे चेन ऑईल लागते. त्याऐवजी ट्रॅक्टरचे जळके ऑईल वापरण्याची पद्धत आहे, ती बंद करावी. जळक्या ऑईलमध्ये धातूचे कण असतात, ते चेनला नीट चिकटत नाही, ऑईल पंप झिजवते आणि त्वचेलाही घातक आहे. ऑईल पोहोचते का हे पाहण्यासाठी बारचे टोक कोरड्या लाकडापासून थोडे दूर धरून रेस करावी. लाकडावर ऑईलची बारीक रेघ उमटली पाहिजे.

चेनची धार आणि ताण

धारदार चेन लाकडाच्या सालट्या काढते. पिठासारखा भुसा पडू लागला किंवा मशीन दाबावी लागली, की धार गेली असे समजावे. बोथट चेन दाबून चालवल्यास क्लच, बार आणि माणूस तिन्ही थकतात. बांधावरच्या झाडात जुनी तार किंवा खिळा रुतलेला असतो. तेथे एका सेकंदात धार जाते. म्हणून कापण्याआधी बुंधा पाहून घ्यावा.

धार लावण्यासाठी चेनच्या पिचप्रमाणे गोल कानस घ्यावी:

- ३/८ इंच लो प्रोफाइल: ४.० मिमी
- ०.३२५ इंच: ४.८ मिमी
- ३/८ इंच: ५.२ किंवा ५.५ मिमी, कंपनीनुसार

बार घट्ट पकडीत धरावा. दातावरील खुणेप्रमाणे, साधारणपणे ३० अंशांत, आतून बाहेर एकाच दिशेने कानस चालवावी. सर्व दातांना सारखेच घास द्यावेत, नाहीतर काप एका बाजूला वळतो. धार लावताना हातमोजे घालावेत. चार-पाच वेळा धार झाल्यावर दातापुढील उंचवटा सपाट कानशीने पट्टी लावून तपासावा. तो जास्त घासला तर चेन लाकडात खोल घुसते आणि मशीन उसळते.

चेन थंड असताना ताण तपासावा. ती बारच्या खालच्या कडेला टेकलेली असावी आणि मोजा घातलेल्या हाताने सहज ओढता यावी. नवी चेन सुरुवातीला ताणली जाते, म्हणून पहिल्या तासात पुन्हा पुन्हा पाहावी. काम संपल्यावर ती थोडी सैल करावी, कारण थंड होताना ती आखडते. चेन बदलताना बार उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. नवी चेन घेताना पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या सांगावी. नुसते ‘१६ इंची’ सांगून योग्य चेन मिळेलच असे नाही.

नेहमीचे बिघाड

- सुरूच होत नाही: स्विच आणि पेट्रोल पाहावे. प्लग ओला असेल तर काढून पुसावा, चोक बंद करून पुन्हा प्रयत्न करावा.
- रेस केल्यावर बंद पडते: एअर फिल्टर आणि टाकीतील पेट्रोल फिल्टर साफ करावा किंवा बदलावा. तरीही फरक न पडल्यास कार्बोरेटर मेकॅनिककडून साफ करून घ्यावा.
- स्लोमध्येही चेन फिरते: स्लो जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. दुरुस्त होईपर्यंत मशीन वापरू नये.
- बारमधून धूर येतो: बारची खाच व ऑईलचे छिद्र भुशाने बुजले आहे, किंवा चेन फार घट्ट आहे.
- नवी चेनही लवकर झिजते: स्प्रॉकेट पाहावे. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेट बदलणे योग्य.
- रस्सी अगदी सहज ओढली जाते, ताकद नाही: पिस्टन-सिलिंडर तपासून घ्यावे. त्या संचाची किंमत आणि मजुरी नव्या मशीनच्या जवळ जात असेल तर दुरुस्तीवर खर्च करू नये.

संरक्षक साहित्य

चेन सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने फिरते. साधी पँट तिच्यापुढे टिकत नाही. चेनसॉसाठीच्या खास पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. ते धागे बाहेर येऊन स्प्रॉकेटमध्ये अडकतात आणि चेन थांबते. हेल्मेट, चेहऱ्यासाठी जाळी, डोळ्यांसाठी चष्मा, कानांसाठी मफ, हातमोजे आणि पुढे कडक टोपी असलेले बूट घ्यावेत. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. कान एकदा गेले की परत येत नाहीत. टॉवेल, मफलर, सैल बाह्या आणि चप्पल घालून मशीन चालवू नये. एप्रिल-मेमध्ये जाड कपड्यांनी उकडते, म्हणून ते काढण्यापेक्षा काम सकाळी लवकर उरकावे.

कापताना घ्यायची काळजी

1. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय रोवून आणि चेन ब्रेक लावून सुरू करावी. पेट्रोल भरलेल्या जागेपासून किमान १० फूट दूर जावे.
2. दोन्ही हातांनी धरावी. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखाली वळलेला असावा. छोटी बॅटरी चेनसॉ चालवताना दुसरा हात फांदीजवळ नेऊ नये.
3. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नये. त्यामुळे मशीन क्षणात तोंडाकडे उसळते.
4. खांद्याच्या वर, शिडीवर किंवा झाडावर चढून कापू नये.
5. पाडण्याआधी वीजतारा, आग्या मोहोळ आणि वाळक्या फांद्या पाहाव्यात. तारा जवळ असतील तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा.
6. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी नसावे. मागे तिरकस पळवाट मोकळी ठेवावी.
7. पडण्याच्या बाजूला जाडीच्या साधारण पाचव्या भागाइतकी खाच घ्यावी. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर घ्यावा आणि मध्ये जाडीच्या दहाव्या भागाइतके लाकूड बिजागरीसारखे सोडावे. बार अडकू नये म्हणून लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर ठोकावी, लोखंडी नको.

वळवाने पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा धोकादायक असते. वाकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी सुटते आणि उपटलेले मूळ बुंधा कापताच परत उभे राहू शकते. आधी दाबाच्या बाजूने उथळ आणि नंतर ताणाच्या बाजूने काप घ्यावा. अंदाज येत नसेल तर जाणकार बोलवावा. एकट्याने काम करू नये. खोल जखम झाल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि १०८ वर फोन करावा.

परवानगी

झाड आपल्या सातबाऱ्यात असले तरी प्रत्येक झाड विनापरवाना तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ च्या सूचीत आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग, हिरडा, मोह, खैर, ऐन, चंदन इत्यादी झाडे आहेत. त्यांच्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. नगरपालिका आणि महापालिका हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तर कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात. तेथील निर्बंध अधिक कडक आहेत. कोणत्या लाकडाला वाहतूक परवाना लागतो हेही वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. उभे झाड व्यापाऱ्याला विकत असाल तर परवानगी कोण काढणार आणि मजुराच्या अपघाताची जबाबदारी कोणाची, हे आधी लेखी ठरवावे.

थोडक्यात

गरजेपुरती मशीन, जवळ मिळणारे सुटे भाग, ताजे मिश्रण आणि रोजची धार एवढे सांभाळले तर चेनसॉ अनेक वर्षे साथ देते. बजेट कमी पडत असेल तर सीसी कमी करावे. हेल्मेट आणि पँट कमी करू नये.