पाठीचा पट्टा आणि वर्षभराच्या गोळ्या

चेलाडी फाट्यावर पुण्याच्या एसटीची वाट बघणाऱ्या एखाद्या बाईच्या पाठीला, खांद्यापासून कमरेपर्यंत, कडक पट्टा बांधलेला तुम्ही पाहिला असेल. "मणका सरकला असेल," असं आपण परस्पर ठरवून टाकतो. पण असा पट्टा मणक्याच्या टीबीसाठीही देतात. आज त्या पट्ट्याचीच गोष्ट सांगतो.

टीबी फक्त छातीत होतो असं नाही. जंतू रक्तावाटे मणक्यात जाऊन बसतात, हाड पोखरतात, पू होतो. मणका पुढून खचला की कुबड येतं, आणि आतल्या मज्जारज्जूवर दाब आला की पायातली ताकद जाते. इंग्लंडच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७९ साली याचं वर्णन लिहिलं, म्हणून डॉक्टर याला 'पॉटचा आजार' म्हणतात. जंतू सापडला तो मात्र १८८२ साली, रॉबर्ट कॉख यांना.

औषध नव्हतं तोवर करायचं काय? मणका खचू द्यायचा नाही, एवढंच हातात होतं. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स टेलर यांनी पाठीला ताठ धरणारा धातूच्या पट्ट्यांचा आधार बनवला. दवाखान्याच्या चिठ्ठीवर आजही 'टेलर ब्रेस' लिहितात, ते त्यांच्याच नावाने. मग प्लास्टरचं जाकीट आलं, प्लास्टरचा बिछानाही आला. त्यात रोगी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं उताणा. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांत क्षयाला उपाय म्हणजे मोकळी हवा, सकस खाणं आणि विश्रांती. घरची कर्ती बाई वर्षभर पडून राहिली तर चूल कोण पेटवणार, हे कुठल्या वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेलं आम्हाला दिसलं नाही.

१९५० च्या आसपास टीबीवर खरी औषधं आली. मग प्रश्न पडला, आता जाकीट हवंच का? कोरियातल्या पुसान शहरात मणक्याचा टीबी झालेल्या मुलांवर हे पडताळून पाहिलं. औषधं सगळ्यांना, जाकीट काहींनाच, तेही नऊ महिने. १९७३ साली निकाल छापून आला: जाकिटामुळे बरं होण्यात काही फरक पडला नव्हता. आपल्याकडे वाराणसीत डॉ. तुली यांनीही त्याच काळात मधला रस्ता दाखवला. औषधं, थोडी विश्रांती, मग पट्टा लावून हिंडणं-फिरणं. शस्त्रक्रिया गरज पडली तरच.

म्हणजे पट्टा वाया गेला का? नाही. तो दुखणं कमी करतो, वाकू देत नाही, पोखरलेल्या मणक्याला सांभाळतो. पण जंतू मरतात ते गोळ्यांनी. होतं उलटंच. पट्टा डोळ्यांना दिसतो, त्याला पैसेही मोजलेले असतात, म्हणून बाई तो जपते. आणि दुखायचं थांबलं की सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गोळ्या सोडून देते. त्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. कधी थांबायचं ते डॉक्टर सांगतील. खाण्यासाठी सरकारकडून महिना १००० रुपये बँकेत येतात, त्याचीही चौकशी आशाताईंकडे करा.

पाठ एकाच जागी आठवडेच्या आठवडे दुखतेय, रात्री जास्त, संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय, तर भातलावणीने दुखत असेल म्हणून शेकत बसू नका. पाय लुळे पडायला लागले किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.