विटा ते अमृतसर: गलाईवाल्यांची वाट

नकाशावर विटा आणि अमृतसर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर येतात. मधले हवाई अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. विमान सरळ गेले तर जेमतेम अडीच तासांचे. सांगलीच्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याच्या माण-खटाव भागातल्या गलाईवाल्यांनी मात्र अशी अंतरे वर्षानुवर्षे दिवसांत मोजली.

दुष्काळी पट्टा हा. पावसाच्या भरवशावर घर चालेना, तेव्हा पोरे नातेवाइकांच्या दुकानात हाताखाली शिकायला परमुलखात गेली. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. सोन्यात चांदी मिसळून मुशीत वितळवायचे, त्याचे पातळ तुकडे नायट्रिक अॅसिडमध्ये टाकायचे. चांदी विरघळते आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. तेच शुद्ध सोने. सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा विकत घेतली जाते, कारण तिच्यात कण असतात. असा धंदा सराफकट्ट्याला धरूनच चालतो आणि एका पेठेत फार भट्ट्या मावत नाहीत. म्हणून शिकून तयार झालेल्या धाकट्या भावाने पुढचे शहर गाठायचे. अशी ही माणसे केरळपासून पंजाबपर्यंत पसरली.

विट्याला रेल्वे नाही. कराड किंवा किर्लोस्करवाडी स्टेशन गाठायचे. १९७१च्या सुमारास पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज होईपर्यंत इकडची गाडी मीटरगेजची. उत्तरेला जाणाऱ्याला पुण्यात सामान उतरवून दुसरी गाडी धरावी लागे. केरळची वाटही १९९८मध्ये कोकण रेल्वे पुरी होईपर्यंत घाटमाथ्यावरून फेऱ्याची होती.

या लांबीचा खरा चटका मयताच्या वेळी बसे. गावाहून तार जायची, ती हातात पडेपर्यंत इकडे अग्नी दिलेला असायचा. मुलगा पोचायचा तो रक्षाविसर्जन उरकल्यावर, कधी थेट दहाव्याला. आईबापाचे शेवटचे तोंड न पाहिलेल्यांची ही पिढी. गलाईतून आलेल्या पैशाचे कौतुक करताना ही किंमतही मोजलीच पाहिजे. खरसुंडीच्या सिद्धनाथाची चैत्री यात्रा किंवा म्हसवडचा रथ यांना आवर्जून येण्यामागेही तीच ओढ आहे. सगळा गोतावळा एकाच वेळी भेटण्याची खात्री तिथेच असते.

कोल्हापूरचा विमानतळ १९३९चा, संस्थानी काळातला. पण दक्षिणेतल्या गलाईवाल्याला तो खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागला २०१८च्या अखेरीस, उडान योजनेत हैदराबाद आणि बंगळुरूची विमाने सुरू झाल्यावर. सकाळी निरोप मिळालेला माणूस आता संध्याकाळपर्यंत आटपाडीत पोचू शकतो. उत्तरेकडच्यांना पुण्याचा विमानतळ सोयीचा. दिल्ली-पुणे दोन तासांत होते. पुढे कात्रज, खंबाटकी ओलांडून कराडमार्गे विट्याला यायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. सांगलीजवळ कवलापूरला धावपट्टीची जागा आहे आणि तिथे विमानतळ व्हावा ही मागणी जुनी आहे. ती नुसती उद्योगांच्या हिशेबाने तोलली जाते, तेव्हा ही माणसे त्या हिशेबात धरली जात नाहीत.