अस्थिसुषिरता

अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस हा हाडांची घनता व अंतर्गत रचना क्षीण होऊन ती ठिसूळ बनण्याचा विकार आहे. एरवी किरकोळ ठरावे अशा पडण्यानेही त्यात हाड मोडते. मनगट, मणके आणि खुबा ही त्याची मुख्य ठिकाणे होत. अस्थिभंग होईपर्यंत या विकाराचे बहुधा कोणतेही लक्षण दिसत नाही. मणक्यांचे भंग तर पुष्कळदा लक्षातही येत नाहीत. उंची कमी होणे, पाठीला पोक येणे या गोष्टी वयाच्या खात्यावर टाकल्या जातात.

कारणे

हाड ही जिवंत ऊती असून तिची झीज व भर आयुष्यभर चालू असते. साधारण तिशीपर्यंत अस्थिसंचय कमाल पातळी गाठतो, पुढे झीज वरचढ ठरते. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक या झिजेला आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर ते घटल्याने पहिल्या काही वर्षांत हाडांचा ऱ्हास वेगाने होतो. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान आणि स्टेरॉइड औषधांचा दीर्घकाळ वापर यांनीही धोका वाढतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

देशातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० साली याच जिल्ह्यात प्रवरानगर येथे घातला गेला. जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून मात्र कुटुंबे दर हंगामात ऊसतोडीला बाहेर पडतात. पती-पत्नीची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि खाडा झाल्यास मजुरी कापली जाते. लगतच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले.

या प्रश्नाची चर्चा मुख्यतः अनावश्यक शस्त्रक्रियेच्या अंगाने झाली. हाडांवरील परिणाम त्या मानाने दुर्लक्षित राहिला. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर इस्ट्रोजेनचा पुरवठा एकाएकी घटतो आणि पन्नाशीच्या आसपास सुरू होणारी झीज तिशी-चाळिशीतच सुरू होते. अंडाशये राखली तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा संभव असतो. कष्टाने हाडे बळकट होतात हे खरे. परंतु संप्रेरक व कॅल्शियम दोन्ही अपुरे असताना डोक्यावर वाहिलेली मोळी त्यांची उणीव भरून काढू शकत नाही.

आहार व सूर्यप्रकाश

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना दररोज १,००० मिलिग्रॅम, तर रजोनिवृत्त स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. जिल्ह्याचे मुख्य अन्न असलेल्या ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये ते ३० मिलिग्रॅमच्या आसपासच असते. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात पिकणाऱ्या नाचणीत सुमारे ३६०, तर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम. जिल्हा दूध उत्पादनात राज्यात अग्रेसर असला, तरी संघाला घातलेले दूध घरातील स्त्रीच्या वाट्याला येतेच असे नाही. तीळही कॅल्शियमयुक्त आहे. भरपूर ऊन असूनही भारतात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते.

निदान व उपचार

क्ष-किरणांच्या विशेष चाचणीने (डेक्सा) अस्थिघनता मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार टी-अंक उणे २.५ किंवा त्याहून कमी असल्यास अस्थिसुषिरता मानली जाते. चाचणीची सोय मुख्यतः मोठ्या शहरांत असल्याने ग्रामीण भागात निदान बहुधा हाड मोडल्यावरच होते. उपचारांत बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे प्रथम वापरतात. त्यांतील अलेंड्रोनेट ही गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन नंतर किमान अर्धा तास आडवे न होणे आवश्यक असते, अन्यथा अन्ननलिकेला इजा होऊ शकते. झोलेड्रॉनिक आम्ल वर्षातून एकदा शिरेवाटे देतात. रजोनिवृत्ती अकाली आलेल्या स्त्रियांना, अन्य हरकत नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक उपचार सुचवले जातात.