राजनांदगावच्या गाडीत

१८९३ साल. बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी नागपूर सोडते आहे. तुम्ही बोचकं बाकाखाली सरकवता, अंग चोरून बसता आणि समोर बघता. तिशीतला एक ब्राह्मण गृहस्थ. डोळ्यांत बेचैनी. नारायण वामन टिळक. मूळचे कोकणातले, नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे ग्रंथांचं काम करून झालंय, ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवून झालंय. आता राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळेल म्हणून निघालेत. धर्म, समाज, देश यांचं एक मोठं कोडं त्यांच्या मनात आहे आणि ते सुटत नाहीये.

त्याच डब्यात एक गोरा प्रवासी आहे. साहेबाबरोबर एका डब्यात बसायचं म्हणजे तुमच्या पोटात गोळा. पण हा माणूस आधी अदबीनं विचारपूस करतो आणि मग चक्क संस्कृत कवितेबद्दल बोलू लागतो. टिळकांचा चेहरा खुलतो. कामठी मागे पडते, कन्हानचा पूल धडधडत जातो, भंडाऱ्याकडच्या भाताच्या बांध्या सुरू होतात आणि दोघांचं बोलणं संपत नाही. वैनगंगा येते तेव्हाही तुमचं लक्ष नदीकडे नसतं.

बोलता बोलता विषय ख्रिस्ताकडे वळतो. आवाज मात्र चढत नाही. खंडन नाही, मूर्तिपूजेवर ताशेरे नाहीत. तुम्ही बाजारात उभे राहून वाद घालणारे मिशनरी ऐकलेले असाल. इथे तसं काहीच नाही. शेवटी तो नव्या कराराचं पुस्तक टिळकांच्या हाती देतो, वाचाल असं वचन घेतो आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं म्हणतो. टिळकांना हे भाकीत अशक्य वाटतं. ते नावही विचारत नाहीत. यवतमाळकडे काम करणारे अर्नेस्ट वॉर्ड ते हेच, असं पुढे मानलं गेलं.

मला या प्रसंगात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की बोलणाऱ्यानं आधी ऐकणाऱ्याची ठेव उघडली. कविता टिळकांची होती. तिथूनच वाट निघाली.

आता राजनांदगावला त्यांच्या खोलीत, दिव्याजवळ, थोडे मागे उभे राहा. शब्द दिलाय म्हणून ते पुस्तक उघडतात. वाचताना पेन्सिलीनं खुणा करायची त्यांची सवय. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी ते येतात आणि पुस्तक खाली ठेववत नाही. जे प्रश्न नागपुरात छळत होते त्यांची उत्तरं इथे सापडताहेत असं त्यांना वाटतं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा होतो. दोन वर्षं अजून भरायची आहेत.

या आनंदाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली, हे विसरून पुढे जाऊ नका. काही वर्षं नवऱ्यापासून दूर, लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन, माणसांच्या नजरा झेलत त्यांनी काढली. १९०० साली त्या स्वतःच्या पायांनी त्याच वाटेवर आल्या. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं.

टिळकांना पाळकाची दीक्षा १९०४ साली मिळाली. म्हणजे आधीची नऊ वर्षं ते बिनदीक्षेचेच बोलत, शिकवत, गात होते. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी कीर्तन आणलं, अभंग आणला. विलायती चालीवर अडखळणाऱ्या गावाकडच्या मंडळीला टाळ वाजला की शब्द आपला वाटे.

आता त्या गाडीपासून एकदम सत्त्याहत्तर वर्षं पुढे या. रविवार, २९ नोव्हेंबर १९७०. पुन्हा नागपूर. ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात तुम्ही गर्दीत उभे आहात. उत्तर भारत मंडळी आज स्थापन होते आहे. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स: सहा मंडळ्या एक होताहेत. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, त्यांच्या स्कॉटिश परंपरेची इथली मंडळी आणि टिळक ज्यात होते ती नगरकडची मंडळी युनायटेड चर्चमधून या एकीत आल्या आहेत. बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि जाणत्या वयातलाच मानणारे, दोघांनाही इथे जागा आहे. या एका मुद्द्यावर किती वर्षं घासाघीस झाली असेल!

पण तुम्ही तिथे रेंगाळू नका. संध्याकाळी सदरच्या बाजूला एका बैठ्या घरात घरसभा आहे, तिकडे चला. चटईवर दहा-बारा माणसं. दारात चपला, कोपऱ्यात पेटी, टोपलीत आंबिया बहाराची संत्री. आज पाळकसाहेब नाहीत. ते पाहुण्यांत गुंतलेत. कुणाचं काही अडत नाही. रेल्वेत नोकरी करणारा एक भाऊ पवित्र शास्त्र उघडतो, मत्तय पाच वाचतो आणि विचारतो, ‘‘धन्य म्हणजे काय, सांगा बरं कोणी?’’

सगळे गप्प. मग तो कोपऱ्यातल्या म्हातारीकडे वळतो. ‘‘आजी, तुम्ही बोला न.’’

‘‘मले काय येते बापू? मले वाचता येत नाही.’’

‘‘वाचलं मी. तुम्ही बोला.’’

आजी पदर सावरते. धाकटा मुलगा तापानं गेला त्या वर्षाचं सांगते. शेजारणीनं आठ दिवस भाकर आणून दिली. ती ख्रिस्ती नव्हती, पण तिनं या घराला उपाशी राहू दिलं नाही. ‘‘शोक करते ते धन्य, असं त्यानं म्हटलं. मले तेव्हा राग आला होता. रडणाऱ्याले कोणी धन्य म्हणते का? पण तिचा हात माह्या पाठीवर होता न, तवा कळलं.’’

पेटीवरची बोटं थांबलेली. कुणीतरी नाक ओढतं. रेल्वेवाला भाऊ शास्त्र मिटत नाही, तसंच उघडं तुमच्या मांडीवर सरकवतो.

‘‘आता तुम्ही,’’ तो म्हणतो. ‘‘बाहेरगावचे आहात. वाटेत काय ऐकलं ते सांगा.’’