अक्षराने केव्हा उजळावे?

गाण्याचे शब्द पडद्यावर उमटावेत आणि स्वराबरोबर डोळाही चालावा, ही हौस जुनी आहे. मॅक्स फ्लायशर यांच्या 'साँग कार-ट्यून्स' (१९२४-२७) या मालिकेत ओळींवरून एक चेंडू उड्या मारीत जाई आणि त्याच्या तालावर अवघे थिएटर गाऊ लागे. चाहत्यांनी घरी बनविलेल्या चित्रफितींत मात्र ही अक्षरे बरीच उशिरा आली. १९७५ साली कँडी फाँग यांनी 'स्टार ट्रेक'मधील स्थिरचित्रे एका गाण्याच्या साथीने पडद्यावर दाखविली. १९८२ च्या सुमारास जिम कापोस्तास यांनी दोन व्हीसीआर जोडून जपानी चित्रमालिकेतील हाणामारीवर बीटल्सचे प्रेमगीत चढविले. यांपैकी कोणालाही गीताचे शब्द लिहून दाखविण्याची गरज पडली नाही. गाणे प्रेक्षकांच्याच भाषेतले होते. कान पुरेसा होता.

अक्षरे आली ती भाषा न कळण्यातून. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अ‍ॅनिमे-चाहते अमिगा संगणक आणि जेनलॉक नावाचे यंत्र यांच्या साह्याने जपानी फितींवर इंग्रजी ओळी चढवू लागले. कोरी कॅसेट आणि परतीचे टपाल पाठवावे, प्रत मिळे. 'विक्रीसाठी नाही' अशी तळटीपही तीत असे. प्रतीवरून प्रत काढताना चित्र विरघळत जाई, म्हणून अक्षर जाड, काळ्या कडेचे आणि बरेचदा पिवळे. सौंदर्यदृष्टीचा येथे फारसा संबंध नव्हता. तरीही त्या ठसठशीत ओळी आम्हांस आजही डोळ्यांना सुखाच्या वाटतात. त्या वाचल्या जाव्यात एवढीच त्यांची इच्छा दिसते.

पुढे 'सबस्टेशन अल्फा' आणि २००५ पासून 'एजिसब' या साधनांनी चित्र पालटले. गीताच्या ओळीत प्रत्येक अवयवाआधी एक लहानशी खूण घालायची आणि सेकंदाच्या शंभराव्या भागांत त्याचा अवधी लिहायचा: पंचवीस म्हणजे पाव सेकंद. शीर्षकगीत जेमतेम दीड मिनिटाचे; पण गायिकेचा श्वास, लांबविलेला स्वर, गिळलेले व्यंजन हे सारे आकड्यांत उतरवायला संध्याकाळ पुरत नसे. एका कडेला जपानी उच्चार रोमन लिपीत, दुसऱ्या कडेला अनुवाद. खरी कारागिरी या कालमापनात होती, असे आमचे मत आहे. नंतर लुआ भाषेतील छोट्या आज्ञावलींनी अक्षरांतून ठिणग्या उडू लागल्या, पाकळ्या गळू लागल्या, आणि साधे संगणक त्या भाराने अडखळू लागले. काही नमुने देखणे होतेच. पण पाकळ्या पाहताना ओळ वाचायची राहून जाई, आणि ज्या कारणासाठी अक्षर आले तेच विसरले जाई.

गंमत अशी की, अ‍ॅनिमेची दृश्ये कापून नव्या गाण्यावर बसविणाऱ्यांच्या स्पर्धांत मूळ फितीवरची सबटायटले दोष मानली जात. तेथे स्वतः रचलेले अक्षर चाले; दुसऱ्याचे उरलेले नव्हे.

हेच तंत्र आम्ही मराठी गाण्यावर चालवून पाहिले तेव्हा लिपीने अडविले. जपानी काना लिपीत सामान्यतः एक चिन्ह म्हणजे एक मात्रा, त्यामुळे तोड सहज सापडते. आपल्याकडे 'स्वप्न' गाताना गळा 'स्वप्' आणि 'न' असे तुकडे करतो; लेखणी मात्र 'स्व' आणि 'प्न' असे. गळ्याप्रमाणे तोडले, तर मधे पाय मोडलेला 'प' उघडा पडतो. लेखणीप्रमाणे तोडले, तर उजेड स्वराच्या आधीच पुढे सरकतो. डावीकडून उजवीकडे सरकणारा रंग वापरला, तर 'कि'मधील वेलांटी आधी उजळते आणि 'क' मागून येतो, उच्चार नेमका उलट असताना. शेवटी आम्ही अक्षरे तोडणे सोडले आणि पूर्ण शब्द एकदम उजळविला. ताल थोडा सैल झाला, पण शब्द शाबूत राहिला.

अधिकृत प्रतींत शीर्षकगीताचा अनुवाद अनेकदा नसतोच. जुन्या चाहत्यांच्या फिती मात्र गाणे सुरू असतानाच अनुवादक, कालमापक, अक्षरकार अशी टोपणनावे दोन-तीन सेकंद दाखवीत, गीताच्याच वळणाच्या अक्षरांत.