टाचण आणि जडसंग्रह

प्रात्यक्षिकाच्या टाचणात आपण आठ सूक्ष्मदर्शक लिहितो; जडसंग्रह नोंदवहीप्रमाणे त्यांतले सातच चालू असतात. दोन्ही वह्या ताडून पाहिल्या नाहीत, तर एक गट नुसता बसून राहतो.

संगणकांच्या इतिहासातही या दोन वह्या वेगवेगळ्या जन्मल्या. १९८७ साली आयबीएमच्या जॉन झॅकमन यांनी इमारतीच्या नकाशांच्या धर्तीवर संस्थेच्या माहितीव्यवस्थेचा आराखडा कसा करावा, हे मांडले. त्याच सुमारास ब्रिटिश सरकारच्या संगणक विभागात, कोणत्या यंत्रावर कोणती आज्ञावली आहे याची नोंद ठेवण्याची शिस्त आकार घेत होती. काय असावे हे आराखडा सांगतो. काय आहे हे नोंद सांगते.

दोन्हींचा मेळ न घातल्याची किंमत १ ऑगस्ट २०१२ रोजी दिसली. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-दलाल कंपनीच्या आठ सर्व्हरांवर नवी आज्ञावली बसवायची होती. एक राहून गेला. केलेले काम दुसऱ्याने तपासावे, असा नियमच नव्हता. बाजार उघडताच त्या सर्व्हरवरची जुनी, कित्येक वर्षे न वापरलेली आज्ञावली जागी झाली. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि पुढच्याच वर्षी कंपनी दुसरीत विलीन झाली.

उद्याचे टाचण लिहिण्याआधी आपणही कपाट उघडून पाहू या.