ताऊल येथील स्वर्गदर्शन

मध्ययुगीन ख्रिस्ती चित्रे पाहताना आम्हां सुशिक्षितांस एक खोड जडलेली असते. जणू कोश हाती घेऊनच आम्ही चित्रापुढे उभे राहतो: गरुड म्हणजे योहान, सिंह म्हणजे मार्क, बैल म्हणजे लूक, मनुष्य म्हणजे मत्तय. एवढे उलगडले की चित्र कळले, अशी आमची समजूत होते. पण हा कोशही स्थिर नव्हे. दुसऱ्या शतकातील इरेनेयस याने सिंह योहानास व गरुड मार्कास दिला होता. आजची रूढ वाटणी चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमच्या लेखनाने दृढ झाली. तेव्हा चिन्हाचा अर्थ केवळ कोशात न शोधता चित्रातील त्याच्या स्थानावरूनही शोधिला पाहिजे.

स्पेनमध्ये पिरिनीज पर्वताच्या कुशीत ताऊल नावाचे गाव आहे. तेथील संत क्लेमेंटचे ख्रिस्तमंदिर १० डिसेंबर ११२३ रोजी प्रतिष्ठित झाले, असे त्यातील स्तंभलेख सांगतो. वेदीमागील अर्धघुमटात इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त बदामी आकाराच्या प्रभामंडलात रंगविलेला होता. उजवा हात आशीर्वादार्थ उंचावलेला. डाव्या हातातील उघड्या पुस्तकात आपण जगाचा प्रकाश असल्याची लॅटिन ग्वाही. दोहों बाजूंस ग्रीक वर्णमालेतील आद्य व अंत्य अक्षरे, आणि भोवती ते चार प्राणी. यहेज्केलाचा दृष्टान्त व बायबलातील शेवटचा ग्रंथ 'प्रकटीकरण' यांतून हा देखावा घेतलेला आहे.

परंतु आमचे लक्ष वेधून घेतात ते डोळे. बाजूंच्या देवदूतांच्या पंखांवर डोळे आहेत. कमानीच्या माथ्यावरील कोकऱ्यास तर सात डोळे आहेत. कोश म्हणेल, ही सर्वज्ञतेची खूण. खरे; पण हे सर्वज्ञ डोळे पाहतात कोणाकडे? त्याच भागात खाली एका बाजूस दरिद्री लाजर श्रीमंताच्या दारी पडला आहे आणि कुत्रा त्याचे व्रण चाटीत आहे. लूकच्या कथेतील त्या श्रीमंतास दाराशी पडलेला मनुष्य दिसला नाही. ज्या स्वर्गास इतके डोळे आहेत, त्याच्या पायाशी हा न पाहिला गेलेला मनुष्य चितारलेला आहे! त्यांच्या या शेजारामुळेच डोळ्यांस पुरता अर्थ येतो.

इ. स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीने, निरक्षरांस चित्रे ही ग्रंथाच्या ठिकाणी होत, असे प्रतिपादिले होते. ताऊलचे चित्र आणखी एक पाऊल पुढे जाते: पाहणाऱ्या गावकऱ्यासच, तू कोणास पाहिलेस, असे ते विचारते.

परदेशी विक्री होऊ नये म्हणून १९१९ ते १९२३ च्या दरम्यान या खोऱ्यातील भित्तिचित्रे कापडावर उचलून बार्सेलोनास नेण्यात आली. ताऊलचे चित्र आज तेथील संग्रहालयात सुरक्षित आहे. तेथे ते पाहणाऱ्याने घुमटावरून दृष्टी काढून क्षणभर लाजरावरही ठेवावी. चित्राची अपेक्षा, आमच्या मते, एवढीच आहे.